हजारावा गडी

शारजाच्या औद्योगिक भागामागे तेव्हा बरीच मोकळी वाळू होती. त्या वाळूत मधोमध सिमेंटची एक पट्टी, तिच्यावर काथ्याची चटई ओढून चारी बाजूंनी खिळे ठोकलेले, आणि सीमारेषेच्या जागी रंगाचे रिकामे डबे, एकूण बावीस. हे आमचं क्रिकेटचं मैदान. गवताची काडी नव्हती. शुक्रवारी सकाळी साडेसहाला सुरुवात करायची आणि जुम्म्याच्या नमाजाच्या आत वीस-वीस ओव्हरचे दोन्ही डाव संपवायचे, असा नियम होता. तो कुणी लिहिलेला नव्हता, पण तिथे तेवढा एकच नियम कधी मोडला नाही.

मी आमच्या कंपनीच्या संघाचा स्कोअरर होतो. खेळलो कधीच नाही. अकाउंट्समध्ये होतो, अक्षर स्वच्छ होतं आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे उठायला माझी तक्रार नसायची, एवढ्यावर माझी नेमणूक झाली. माझं टेबल चटईपासून सत्तर पावलांवर असे. थंडीच्या महिन्यांत समुद्राकडून धुकं आलं की त्या सत्तर पावलांतलं निम्मं नाहीसं व्हायचं. कंबरेपर्यंत माणसं दिसत, पाय दिसत नसत. कधी उलट, नुसतेच पाय चालत यायचे. बॅटचा आवाज आधी यायचा आणि चेंडू कुठे गेला ते नंतर ओरडण्यावरून कळायचं. मी पेन्सिल घेऊन आवाजाची वाट बघत बसायचो. आजही त्या मैदानाची आठवण आली की मला चित्र कमी दिसतं, ऐकू जास्त येतं.

त्या धुक्यातून गोलंदाजी करायला यायचे ते आमचे स्टोअरकीपर. वय त्या वेळी एकोणसाठ. संघातले सगळे त्यांना काका म्हणत. आमचा विकेटकीपर लाहोरकडचा ट्रक ड्रायव्हर होता. त्याच्या भाषेत काका म्हणजे तान्हं पोर, म्हणून तो हसायचा आणि चाचा म्हणायचा. काका डावखुरे, संथ फिरकी टाकणारे. धाव फक्त चार पावलांची. चेंडू टाकला असं वाटायचंच नाही, हातातून निसटू दिल्यासारखा तो निघायचा, हवेत थोडा वेळ काढायचा आणि फलंदाजाची बॅट फिरून झाल्यावर खाली यायचा.

"चाचा, आज कमर में ग्रीस डाला क्या?" कीपर यष्ट्यांमागून ओरडायचा.

"ग्रीस स्टॉक में नहीं है," काका म्हणायचे. "तू इंडेंट का फॉर्म भर, फिर देखेंगे."

आमची कंपनी तोवर हमरिया फ्री झोनला हलली होती. काका माझ्याच गल्लीत, चौघांच्या खोलीत राहायचे. रोज सकाळी ते माझ्या गाडीतून कामाला यायचे. पस्तीस मिनिटांचा रस्ता. दुबईकडे जाणारी रांग समोरच्या बाजूला मुंगीच्या पावलानं सरकत असायची आणि आमची बाजू रिकामी. डाव्या हाताला समुद्र. काका सीट थोडी मागे करायचे, डोळे मिटायचे आणि बोलायला लागायचे. झोपेत बोलल्यासारखंच असायचं ते. मी मधे फार विचारत नसे. त्यांचं सगळं आयुष्य मी असं पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या तुकड्यांत ऐकलं.

कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात ते अठराव्या वर्षी लागले. वडील ऊस वाहणारे गाडीवान. गाड्यांच्या रांगेत दिवस दिवस थांबावं लागे, तेव्हा हे पोर उसाची कांडकी एका खुंट्यावर नेम धरून टाकत बसायचं. कारखान्याच्या इंजिनिअरनं ते बघितलं आणि पोराच्या हातात लेदरचा चेंडू दिला. वजनकाट्यावर मदतनीस म्हणून नेमणूक झाली, पण ती नावाला. नेमलं होतं गोलंदाजीसाठी.

"काट्याचं काम मी दुसऱ्या वर्सी शिकलो," काका सांगायचे. "पैलं वर्स नुस्ता चेंडू टाकला."

बावीस वर्षं ते कारखान्याकडून खेळले. गाळप हंगाम आणि क्रिकेटचा हंगाम एकच, दसऱ्यापासून होळीपर्यंत. रविवारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चटई गुंडाळून टाकायची, तिच्यावर अकरा जण बसायचे आणि रेल्वेच्या, पोलिसांच्या, दुसऱ्या कारखान्यांच्या संघाशी खेळायला निघायचं. येताना मळीचा वास लागला की गाव आलं म्हणून समजायचं. जिंकलं तर सगळ्यांना जिलबी. हरलं तर सोमवारी सकाळची पाळी.

एकदाच, पंचविसाव्या वर्षी, राज्याच्या संघासाठी पुण्याहून तार आली. चौदा जणांत नाव होतं. काका तीन दिवसांच्या सामन्याला गेले आणि तीन दिवस खेळाडूंना पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी एकाच्या पोटात कळ आली, तेव्हा बदली म्हणून मैदानात उतरले.

"किती वेळ?" मी विचारलं. हा प्रश्न मी विचारणारच होतो.

"अकरा मिन्टं."

"मोजली?"

"प्याव्हेलियनवर घड्याळ हुतं की. आत गेलो तवा तीन वाजून चार मिन्टं. भायेर आलो तवा सव्वातीन." बाहेर मीठ साचलेल्या पाणथळीवर पांढरे पक्षी उभे होते. "दोनदा चेंडू हातात आला. एकदा मी कीपरकडं फेकला. दुसऱ्यांदा बॉलरला हातात न्हेऊन दिला. लई भारी गवत हुतं बगा तितलं."

परत तार आली नाही. ते काट्यावर परतले. चाळिशीला पोचल्यावर कारखान्यात नवे चेअरमन आले, त्यांना कबड्डी आवडायची. चटई कामगारांच्या लग्नात बसायला गेली. काकांनी एक वर्ष कळ काढली आणि मग भाच्याच्या ओळखीनं व्हिसा मिळवून इकडे आले. इथे वाळूत पुन्हा चटई दिसली. आणखी अठरा वर्षं खेळले.

हे सगळं त्यांच्याकडे लिहिलेलं होतं. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात एकदा त्यांनी माझ्या गाडीत एक कापडी पिशवी ठेवली. आत तीन वह्या. पहिली वही म्हणजे कारखान्याच्या ऊस-वजनाच्या पावत्यांची जुनी पुस्तकं, दोऱ्यानं एकत्र शिवलेली. प्रत्येक पावतीच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी घेतलेला एकेक गडी होता. नावं क्वचितच. 'मिशीवाला, त्रिफळा.' 'रेल्वेचा तिकीट तपासनीस, पायचीत.' 'फौजदाराचा मेहुणा, झेल, रडला.'

"नऊशे ब्याऐंशी भरत्यात," काका म्हणाले. "माजी बेरीज. तुमी एकदा बगा. मार्चमदी मला साठ लागतंय. व्हिसा खलास. त्याच्या आत हजार करायचं हाय."

मी बघतो म्हणालो. इतकी वर्षं बरोबर प्रवास करून त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हजार गडी मिळाल्यानं काय होणार होतं, ते मी विचारलं नाही. मला ते विचारावंसं वाटलं नाही, कारण मला समजत होतं. ज्या माणसाला अकरा मिनिटं मिळाली, त्याला एक गोल आकडा हवा होता.

पुढचे दोन आठवडे संध्याकाळी माझ्या जेवणाच्या टेबलावर वह्या पसरलेल्या असायच्या. बायको म्हणाली, "ऑफिसातलं ऑडिट पुरत नाही वाटतं?" मुलगी तेव्हा नववीत होती. तिनं एक पावती उचलली, वास घेतला आणि "इट स्मेल्स लाइक गूळ" म्हणाली. मी एकेक गडी मोजला. काकांची बेरीज बरोबर होती. नऊशे ब्याऐंशी. पण त्यात तीन पावत्या अशा होत्या की त्यांच्यावर नुसता आकडा होता. चार. पाच. दोन. कुणाविरुद्ध, कोण बाद, कसा बाद, काही नाही.

आता मी तेव्हा गप्प बसू शकलो असतो. पण मला हिशेबात आधार नसलेली नोंद चालत नाही. माझ्या कामाचीच ती सवय आहे. दुसऱ्या दिवशी गाडीत मी त्यांना सांगितलं, की हे अकरा धरता येणार नाहीत.

"मी टाकलेत त्ये."

"असतील. पण लिहिलेलं नाही."

"माजा हात हाय की साक्षीला."

"काका, हात ऑडिटला चालत नाही."

हमरियाच्या गेटवर ते उतरून गेले. दुसऱ्या दिवसापासून कंपनीच्या बसनं जायला लागले. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत माझ्या गाडीत रेडिओ चालू होता आणि मला तो ऐकवत नव्हता. दहाव्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या जागी उभे होते. दार उघडून बसले, सीट मागे केली.

"अकरा कमी करा," डोळे मिटूनच म्हणाले. "कारखान्यात लोकं काटा मारायची. गाडीमागं वीस-पंचवीस किलो. मी त्यातला नव्हतो, म्हून माजी पाळी बदलली हुती. आता म्हातारपनी माज्याच काट्यावर अकरा किलो कशाला."

म्हणजे नऊशे एकाहत्तर. हव्यात एकोणतीस.

मी घरी गणित मांडलं. ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरअखेर अकरा शुक्रवार. मग रमजान, तेव्हा सामने नसत. ईदनंतर सहा शुक्रवार. एकूण सतरा. काकांची मागल्या दोन हंगामांची सरासरी होती सामन्याला एक पूर्णांक तीन. सतरा गुणिले एक पूर्णांक तीन म्हणजे बावीस. ते नऊशे त्र्याण्णववर थांबणार होते. ते अकरा राहिले असते तर मात्र हजाराच्या पुढे गेले असते. हे गणित मी कुणाला दाखवलं नाही, पण त्या हिवाळ्यात प्रत्येक शुक्रवारी टेबलावर बसताना ते माझ्याबरोबर असायचं.

बातमी संघात पसरली होतीच. आमचा कप्तान केरळचा फोरमन. तो आता काकांना चारच्या चार ओव्हर न चुकता द्यायला लागला. एका गोलंदाजाला त्याहून जास्त नियमानं देता येत नसत. झेल सुटला तर सगळे सोडणाऱ्याच्या अंगावर जात. "यल्ला यार, चाचा का माल है, संभाल के!" आणि काका खरोखरच सरासरीच्या वर टाकू लागले. डिसेंबरअखेर सतरा. म्हणजे नऊशे अठ्ठ्याऐंशी. ईदनंतर तीन, एक, शून्य, चार, दोन. नऊशे अठ्ठ्याण्णव.

शेवटच्या शुक्रवारी इतकं धुकं होतं, की मी मैदानाच्या वळणावर गाडी थांबवली आणि काच खाली करून कानोसा घेतला. काका शेजारी बसले होते. मंगळवारचं त्यांचं विमान होतं. बॅग बांधून झाली होती.

"हाय का कुनी?" त्यांनी विचारलं.

चटईवर खिळे ठोकल्याचा आवाज आला. "आहेत," मी म्हणालो.

पण पूर्ण नव्हते. सोनापूरच्या कामगार कॅम्पमधून आमच्या खेळाडूंना घेऊन येणारी पिकअप धुक्यात अडकली होती. आम्ही टॉस हरलो. क्षेत्ररक्षणाला दहाच जण. कप्तान माझ्या टेबलाशी आला. "हिशेब साब, आ जाओ. बस खडा रहना है." मी चाळीस वर्षांचा, चष्मेवाला, ऑफिसचे बूट घातलेला. स्कोअरबुक समोरच्या संघाच्या एका क्लार्ककडे दिलं आणि गेलो.

काकांनी मला स्वतः नेऊन उभं केलं. सीमेपासून थोडं आत, गोलंदाजाच्या उजव्या खांद्यामागे, लांब.

"हितं थांबा. हितं माज्या बॉलिंगवर पाच वर्सांत एकच चेंडू आलाय."

मला आठवत होतं. चार आले होते. मी मान डोलावली.

ते वळून चालायला लागले आणि पंधराव्या पावलावर नाहीसे झाले. मग मी एकटाच. मागे कुठेतरी दोन डबे, पुढे पांढरं. सात वर्षं जे मैदान मी बाहेरून लिहिलं होतं, त्याच्या आत उभा होतो आणि ते मला दिसत नव्हतं. सूर्य उगवला असावा, कारण धुकं आतून पेटल्यासारखं झालं. पापण्यांवर पाणी जमत होतं. दूर समुद्रावर एखादं जहाज भोंगा देत होतं. चेंडू, बॅट, आरोळी, पुन्हा चेंडू. कुणाचा चेंडू आहे हे मला चटईवरच्या टप्प्याच्या आवाजावरून समजत होतं. काकांचा टप्पा सगळ्यांत हलका. त्यांच्या दुसऱ्या ओव्हरला यष्ट्या पडल्याचा खडखडाट झाला आणि धुक्यातून कीपरचा आवाज आला, "नौ सौ निन्यानवे!" सगळीकडून टाळ्या. त्या टाळ्या कुठून येतायत ते दिसत नव्हतं. मीही टाळ्या वाजवत एकटाच उभा होतो.

तिसरी ओव्हर तशीच गेली. चौथी, म्हणजे त्यांची शेवटची. पहिला चेंडू. दुसरा. तिसरा. मी मोजत होतो. चौथ्याला बॅटचा आवाज वेगळा आला, मधोमध न लागल्याचा.

"कॅच! कॅच! हिशेब साब!"

मी वर बघितलं. वर काहीच नव्हतं. मग त्या पांढऱ्यातून एक काळा ठिपका सुटला, अगदी सावकाश, आणि मला वाटलं अजून खूप वेळ आहे. तो माझ्यापुढे पडणार होता. मी दोन पावलं धावलो, तिसऱ्याला गुडघ्यावर पडलो आणि दोन्ही हात वाळूवर पसरले. चेंडू हातांत होता.

पण त्याच्या आधी वाळू माझ्या ओठांवर उडाली होती. चेंडू हातात सरळ आला असता तर वाळू उडाली नसती. हा हिशेब मी तिथेच, गुडघ्यावर बसून केला. त्याला एका सेकंदापेक्षा जास्त वेळ लागला नाही.

"पकडा क्या?" कीपर.

"कॅच, हबीबी? क्लीन?" हा अंपायर होता. तो समोरच्या संघाचा, गोलंदाजाच्या बाजूला उभा, माझ्यापासून साठ पावलांवर. त्याला मी दिसत नव्हतो. कुणालाच दिसत नव्हतो. त्या वाळूत मी आणि चेंडू, दोघंच होतो. काकांचा आवाज मात्र आला नाही. ते काही विचारत नव्हते. त्यांचं ते गप्प राहणं मला बाकीच्या सगळ्या आरोळ्यांपेक्षा जास्त ऐकू येत होतं. मला नऊशे ब्याऐंशीतून वजा केलेले अकरा आठवले.

"कॅच," मी ओरडलो. "क्लीन."

मग सगळे धुक्यातून एकदम बाहेर आले. कुणी मला उचललं, कुणी पाठीत थाप घातली. काका सगळ्यांच्या मागून आले. त्यांनी माझ्या हातातून चेंडू घेतला, सदऱ्याला पुसला आणि माझ्या पॅंटकडे बघून म्हणाले, "गुडघ्याला लागलं न्हवं?"

मी नाही म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग परत गेले, कारण ओव्हर पुरी करायची होती. ती त्यांनी केली. डाव संपल्यावर मी टेबलाशी गेलो. त्या क्लार्कनं ती जागा कोरी ठेवली होती. "आपका कॅच है, आप ही लिखो," म्हणाला. मी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "ते खूश झाले ना? मग झालं." मुलगी आतून म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ नंबर." दोघींचंही बरोबर असेल. मंगळवारी मी काकांना विमानतळावर सोडलं. तिथे सांगायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी स्कोअरबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात घालून पासपोर्टबरोबर ठेवलेली दिसली. मी त्यांची बॅग ट्रॉलीवर ठेवली. दोन महिन्यांनी पत्र आलं. गावात फेटा बांधून सत्कार झाला होता. जुने खेळाडू, उरलेले पाच जण, आले होते. चटईवर बसून जेवण झालं. 'हजार गडी' असा कापडी फलक होता. पत्र मी दोनदा वाचलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवलं.

अशीच चार वर्षं गेली. काकांच्या मुलाला अबूधाबीजवळ मुसाफाला सेफ्टी ऑफिसरची नोकरी लागली आणि त्या हिवाळ्यात काका व्हिजिट व्हिसावर त्याच्याकडे आले. फोन आला, "हिशेबनीस, येताय न्हवं?" मी शुक्रवारी सकाळी दोन तास गाडी चालवून गेलो. मुलगा भाजी आणायला गेला होता. काका बिल्डिंगच्या खाली वॉचमनशी गप्पा मारत बसले होते. वाळले होते, पण ताठ होते.

"ह्ये आमचं स्कोअरर," त्यांनी ओळख करून दिली. "हजारावा झेल ह्येंचाच."

वॉचमन पेशावरकडचा होता. त्यानं आदरानं माझा हात दोन्ही हातांत धरला. मला तो हात सोडवून घ्यावासा वाटला.

वॉचमन चहा आणायला गेला. पार्किंगची ती मोकळी वाळूची जागा, दहा-बारा गाड्या, पलीकडे वर्कशॉपचे पत्रे, आणि या सगळ्यावर सकाळचं पातळ धुकं, शारजातल्यापेक्षा बरंच कमी. आम्ही पायरीवर बसलो होतो. मी एका दमात सगळं सांगितलं. टप्पा पडला होता. वाळू ओठांवर उडाली होती. मला तेव्हाच माहीत होतं. नऊशे नव्व्याण्णव.

काका समोरच्या गाड्यांकडे बघू लागले. मला वाटलं, आता रडतील, नाहीतर म्हणतील, जाऊ द्या. मी दोन्हीची तयारी करून आलो होतो.

"मग तवाच का न्हाई बोललास?" ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच एकेरीत हाक मारली. "लेका, दोन चेंडू हुतं की माज्याकडं!"

त्यांनी दोन बोटं माझ्यापुढे धरली.

"चौथ्यावर झेल. पाचवा आनि सहावा राहिलाच की. त्यो गडी घाबरलेला. बॅट आडवी घालत हुता, पाय हालत न्हवता त्येचा. मी त्याला ह्यो असा घेतला असता." त्यांनी मूठ वळली. "आनि तू कॅच म्हनालास. मग म्या त्ये दोन कसं टाकलं म्हाईत हाय? हसत टाकलं. नुस्तं टाकून दिलं. दोन्ही."

मला माहीत होतं. ते दोन चेंडू स्कोअरबुकात होते, शून्य आणि एक. मी चार वर्षं एका विकेटचा हिशेब करत बसलो होतो आणि या दोन नोंदींकडे माझं लक्ष कधी गेलं नव्हतं. मी त्यांना काहीतरी देत होतो अशी माझी समजूत होती.

"चुकलं माझं, काका."

"चुकलं म्हंजे? चुकलंच."

ते उठले. वाळूत गेले. दोन गाड्यांच्या मधली जागा मोकळी होती, तिच्यापलीकडे एका पांढऱ्या कोरोलाचं मागचं चाक. काकांनी त्या चाकाकडे नीट बघितलं, एक पाय मागे घेतला, मनगट हलवून सैल केलं. हातात काही नव्हतं.

"पाचवा," ते म्हणाले. "ह्यो भायेर. हवेत सोडायचा. त्याला वाटनार, मारतोच."

चार पावलं. हात वरून आला आणि बोटं उघडली. मी त्या बोटांमधून सुटलेल्या चेंडूमागे बघत राहिलो. तो हवेत रेंगाळला आणि कोरोलापाशी वळला.

"हुकला," काका म्हणाले. "यष्टीला चाटून ग्येला. कीपर बोंबलतोय बग."

"सहावा," मी म्हणालो.

ते परत आपल्या खुणेवर आले. या वेळी जास्त वेळ घेतला. सदऱ्याला हात पुसला, दोनदा. मग चार पावलं आली, आधीपेक्षा हळू, आणि हात खांद्यावरून गेला, आणि ते तसेच, पुढच्या पायावर वाकलेले, थांबले.

वॉचमन चहाचे तीन ग्लास घेऊन आला आणि आम्हाला बघून दारातच थबकला. काका चाकाकडे बघत होते. मीही बघत होतो. धुकं गाड्यांच्या टपांवरून हळूहळू सरकत होतं. चेंडू अजून हवेत होता.